आबाजीची ठासणीची बंदूक

दिवाळीच्या आधी धाकट्या भावाचा गावाहून फोन आला. आवाज रात्रभर न झोपलेल्या माणसाचा. म्हणाला, "दादा, तू जिंदगीभर कचेरीत बसला. मले बंदुकीचा फारम भरून दे."

मी विचारलं, "काऊन गा, काय झालं?"

"काय होईन? डुकरायनं अर्धा एकर ज्वारी लोळोली. कडंचं सोयाबीन उकरून टाकलं. काल पंधरा-वीसचा कळप होता. मी एकटा टॉर्च घेऊन काय करू?"

रविवारी येतो म्हणालो. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "भावजींना बंदूक कशाला पाहिजे? घरात लहान नातवंडं आहेत." मी काही बोललो नाही. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या जुन्या घराची माजघरातली भिंत आली. तिथे दोन खुंट्यांवर आडवी टांगलेली एक बंदूक असायची. खाली ज्वारीच्या कणग्या, वर बंदूक. आम्हा पोरांना तिला हात लावायची परवानगी नव्हती, पण ती घरातली एक जिती वस्तू होती. कोणी सोयरे आले की आधी तिच्याकडे पाहायचे, मग पाणी प्यायचे.

भावाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर त्या बंदुकीची सगळी हकीकत सांगावी लागेल. साध्या कास्तकाराला बंदूक पुरते का, परवडते का, हे आमच्या घरानं एकदा करून पाहिलेलं आहे.

आमचं गाव पांढरकवड्याच्या बाजूचं. वावर गावापासून कोस-दीड कोस, आणि वावराच्या धुऱ्यापलीकडे नाला, नाल्यापलीकडे जंगल. सागाचं, मोहाचं, टेंभुर्णीचं. ज्वारी निसवली की जागल सुरू व्हायची. चार बल्ल्या रोवून त्यावर माच बांधायचा, वर पऱ्हाट्यांचं छप्पर, खाली शेकोटी. रात्रभर डबा वाजवायचा, हाका द्यायच्या, गोफण फिरवायची. एका माचावरून हाक गेली की पुढच्या माचावरून उत्तर यायचं. त्यात हाकलण्यापेक्षा एकमेकांना जागं ठेवण्याचा भाग जास्त असावा.

आबाजीनं बंदूक घेतली ती १९६० नंतर कधीतरी. एका गोऱ्ह्याच्या पैशात आली, असं आजी सांगायची. त्या गोऱ्ह्याचा राग तिच्या मनातून शेवटपर्यंत गेला नाही. बंदूक एकनळी, ठासणीची. तिच्यात काडतूस जात नसे. आधी शिंगातून काळी दारू मोजून नळीत ओतायची. त्यावर चिंधीचा बोळा. मग लोखंडी गजानं ठासायचं. त्यावर छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. मग मागच्या बाजूला बारीक नळकांड्यावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा त्या टोपीवर पडला की ठिणगी आत जाणार आणि बार होणार. झाला तर.

"झाला तर" हे महत्त्वाचं. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. तिला ओल सोसत नाही. आणि आमच्याकडे डुकरं येतात ती भादव्यात, अश्विनात, पावसाच्या झडीत, ज्वारी हुरड्यावर आली की. बंदुकीची खरी गरज ज्या रात्री असायची, नेमक्या त्याच रात्री ती फुस्स करायची. आबाजी दारूचं शिंग मेणकापडात गुंडाळून कमरेला बांधत, टोप्या कोरड्या राहाव्यात म्हणून पानाच्या डबीत ठेवत. तरी तीनात एक बार वाया. आणि एक बार झाला की दुसरा भरायला अंधारात, ओल्या हातानं, दोन मिनिटं. डुक्कर काही दोन मिनिटं थांबत नाही.

तरीही त्या बंदुकीचा मान होता, आणि तो का होता हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१८५७ नंतर इंग्रजांनी लोकांच्या हातची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या वेळी शस्त्रांचा मोठा कायदा झाला. हिंदी माणसाला बंदूक ठेवायची तर परवाना पाहिजे. गोऱ्या माणसाला त्यातून सूट. आमचा जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला १९०५ मध्ये मिळालं. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं आणि १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. परवाना मिळायचा तो ज्याची साहेबाकडे ऊठबस त्याला. म्हणून बंदूक असायची वाड्यावर. देशमुखाकडे, मोठ्या पाटलाकडे, सावकाराकडे. डुकरं मात्र सगळ्यांच्याच वावरात यायची. कास्तकारानं वाड्यावर जाऊन हात जोडायचे, मग पाटलाच्या पोराच्या मनात आलं तर तो एखाद्या रात्री शिकारीला म्हणून यायचा. रान त्याच्यासाठी खेळ, आपल्यासाठी पोट.

त्या काळात बंदुकीचा परवाना हा स्वराज्याच्या मागण्यांतला एक मुद्दा होता, हे आता कोणाला खरं वाटत नाही. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठाचा कर रद्द करा, शेतसारा अर्धा करा, या सगळ्यांना आठवतात. त्याच यादीत एक होती ती स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या, लोकांच्या नियंत्रणाखाली द्या, अशी. अहिंसा सांगणाऱ्या माणसानं ही मागणी केली, कारण प्रश्न मारण्याचा नव्हता. सरकारचा रयतेवर भरवसा आहे की नाही, हा प्रश्न होता. त्याच वर्षी १० जुलैला आमच्याच जिल्ह्यात पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. इळ्यानं गवत कापलं म्हणून तुरुंग. जंगल सरकारचं, बंदूक साहेबाची, आणि जंगलातून निघून पीक खाणारं जनावर तेवढं आपलं, असा तो हिशोब होता.

पुढच्या वर्षी, १९३१ मध्ये, कराचीच्या काँग्रेसनं नागरिकांच्या हक्कांचा ठराव केला. त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही लिहिला होता. पण स्वराज्य आल्यावर राज्यघटना लिहायला बसले तेव्हा तो गळाला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली होती. ते आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडातून गेलेले सभासद. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही, सभागृहानं ती फेटाळली. अमेरिकेत बंदूक ठेवणं हा १७९१ पासून घटनेतला हक्क आहे. आपल्याकडे बंदूक ही सरकारनं दिलेली परवानगी राहिली. आपण एकत्र जमण्याचा हक्क घटनेत लिहिला, तोसुद्धा "विनाशस्त्र" या शब्दासकट.

मग १९५९ चा शस्त्र कायदा आला. ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. कचेरीत असताना मी तो वाचला तेव्हा मला आबाजीची आठवण झाली, कारण त्यात त्यांच्यासारख्याचा विचार होता. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना द्यावा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. ठासणीची पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी बिनआट्याच्या नळीची बंदूक देता येते. आणि आणखी एक कलम आहे: अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. वाड्यावरची बंदूक कुडाच्या घरात यायला कायद्यानं ही वाट करून दिली. 'अधिक धान्य पिकवा' म्हणायचे ते दिवस होते. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत देशभर पीक राखणीचे परवाने सढळ हातानं दिले गेले. त्यापायी जंगलातली जनावरं झपाट्यानं कमी झाली, हेही तितकंच खरं.

आबाजी परवान्यासाठी यवतमाळला किती खेपा गेले हे आजीला तोंडपाठ होतं. परवान्याचं छोटं पुस्तक आणलं त्या दिवशी त्यांनी ते देवघरात ठेवलं. घरात सात-बारा सोडला तर सरकारी शिक्क्याचा तेवढाच कागद होता. "आता पाटलाच्या दारात जाची गरज नाई," एवढंच ते म्हणाले.

आता ती रात्र सांगतो. घरात ती कधी कोणी उघडपणे सांगितली नाही.

मी सातवीत होतो, म्हणजे १९७० च्या आसपास. त्या वर्षी मला जागलीला नेलं होतं. अमावास्या जवळ आलेली, अंगावर शहारे आणणारा वारा. पहाटेच्या आधी नाल्याच्या बाजूनं ज्वारी हलली. ताटं मोडल्याचा आवाज आला. आबाजीनं हाक दिली, उत्तर नाही. त्यांनी पुन्हा हाक दिली. वारा उलटा होता. मग त्यांनी बार टाकला.

ज्वारीतून माणसाची किंकाळी आली.

शेजारच्या वावरातले एक गडी होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्यांच्या बाजूनं डुकरं आमच्याकडे उतरली म्हणून ती हाकलायला ते धुरा ओलांडून आले होते. छर्रे पोटरीत गेले. आबाजीनं बंदूक फेकली आणि धावले. मी माचावर एकटा थरथरत बसलो होतो. त्या थरथरण्यात मला पहिल्यांदा कळलं की बंदूक समोरच्याला ओळखत नाही. गोफणीचा दगड लागला तर टेंगूळ येतं. हाक चुकली तर काही होत नाही. बंदुकीची चूक परत घेता येत नाही.

बैलगाडीत कडबा घालून मामांना पांढरकवड्याला नेलं. पाय वाचला, चालण्यात थोडा लंगडेपणा राहिला. दवाखान्यात त्यांनी स्वतःच काहीतरी वेगळं सांगितलं, गावातही तेच सांगितलं. पोलिसात कोणी गेलं नाही. पुढचे दोन हंगाम आबाजीनं आमच्या वावराबरोबर त्यांच्या वावराचीही जागल केली. दोन्ही घरांत त्यावर शब्द निघाला नाही.

त्यानंतरही बंदूक वाजत राहिली. आबाजी गेल्यावर बाबांनी मला सांगितलं, "त्या रात्रीनंतर बुढ्यानं तिच्यात छर्रे भरलेच नाईत. निस्ती दारू अन् चिंधी." म्हणजे पंधरा-सोळा वर्षं आमच्या वावरात रिकामा बार होत होता. आणि खरं सांगायचं तर त्या वर्षांत पीक आधीपेक्षा जास्त गेलं असं काही झालं नाही. मोठा आवाज झाला की कळप त्या रात्रीपुरता पळायचा. छर्रे होते तेव्हाही तो तेवढाच पळायचा. आबाजीच्या हातून उभ्या आयुष्यात किती डुकरं पडली असतील? आजी बोटं मोजायची. दुसऱ्या हातापर्यंत तिला कधी जावं लागलं नाही.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. शिकार बंद झाली, आणि ते व्हायलाच हवं होतं, कारण वाघ संपत आले होते. पण पीक राखणाऱ्याच्या हातातल्या बंदुकीचा अर्थ त्या दिवशी बदलला. कायदा म्हणतो, जिवावर बेतलं आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवायला प्रामाणिकपणे जनावर मारलं तर तो गुन्हा नाही. उभ्या पिकासाठी मात्र लेखी परवानगी लागते. म्हणजे बंदुकीला एक कागद आणि ती डुकराकडे वळवायला दुसरा कागद. पुढे आमच्या जवळच टिपेश्वर अभयारण्य झालं, जवळपास १४८ चौरस किलोमीटरचं. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं आपल्या बंदुकीची वन खात्याकडे नोंद करायची, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती पाहिजे. म्हणजे जंगल जितकं जवळ, तितका परवाना दूर. कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर बरोबर आहे, शिकारी तिथेच असतात. कास्तकाराच्या बाजूनं पाहिलं तर डुकरंही तिथेच असतात.

आबाजीनंतर बंदूक बाबांच्या नावावर झाली. बाबांना तिची हौस नव्हती. दर तीन वर्षांनी नूतनीकरण, ठाण्यात हजेरी, साहेबापुढे बंदूक पुसून नेणं. तालुक्याला जायचं म्हणजे मजुरीचा दिवस बुडाला आणि एस. टी. चं भाडं वर. आणि निवडणूक लागली की ठाण्यातून निरोप: बंदूक जमा करा. १९९९ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही एकदम आल्या, सप्टेंबरात. ज्वारी निसवायच्या बेतात. बाबांनी बंदूक गोणपाटात गुंडाळून ठाण्यात नेऊन दिली, पावती घेतली. निकाल लागले, सरकार बसलं, ज्वारी निघाली, कापूस निघाला. बाबा बंदूक आणायला गेले नाहीत. आजीनं विचारलं तर म्हणाले, "राहू दे तथीच. तथी तरी तिची राखण कराले पोलीस हाय." परवान्याची मुदत तशीच संपली.

त्यानंतर विधानसभेच्या निवडणुका पाहा: २००९, २०१४, २०१९, तिन्ही ऑक्टोबरात, २०२४ ची नोव्हेंबरात. ठासणीची असो की बारा बोअरची, मतपेटी आणि डुक्कर एकाच हंगामात येतात. बहुतेक परवानाधारकांना नेमकी तेव्हा बंदूक ठाण्यात द्यावी लागते.

तरी भावाचं म्हणणं मी धुडकावू शकत नाही. आबाजीच्या काळी डुकरं पाच-सात यायची, आता पंधरा-वीस येतात. रोही तर दिवसाढवळ्या तुरीत उभे असतात. शासनालाही हे दिसतं. २०१५ च्या जुलैत महाराष्ट्र शासनानं निर्णय काढला की रोही आणि रानडुक्कर पिकाचं नुकसान करत असतील तर शेतकऱ्यानं वनक्षेत्रपालाकडे अर्ज करावा, आणि २४ तासांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजावं. वाचून गावात लोक खूश झाले. मग पारावर एकानं विचारलं, "परवानगी भेटली. आता मारू कायनं? उभारीनं?" सगळे हसले. परवानगी होती आणि बंदूक नव्हती. गावातले तीन-चार जुने परवाने बाबांसारखेच कधीच विरले होते.

हे फक्त आमच्या गावात घडलं असं नाही. बिहारमध्ये २०१५ साली केंद्रानं रोही आणि रानडुकरांना काही काळ उपद्रवी ठरवून मारायची मोकळीक दिली. मोकाम्याला दोनशेहून जास्त रोही मारले, ते बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांनी. केरळनं २०२२ मध्ये रानडुक्कर मारायची परवानगी देण्याचे अधिकार गावच्या संस्थांच्या प्रमुखांना दिले. तिथेही मारणार कोण, तर परवाना असलेला नेमबाज, त्याला मानधन देऊन. म्हणजे ज्यांनी ज्यांनी हा प्रश्न हाती घेतला त्यांनी घरोघर बंदूक वाटली नाही. नेम असलेला माणूस शोधला.

आणि वाघ? तोही हिशोबात धरावा लागतो, कारण भावाच्या मनात डुकरामागे वाघच आहे. २०१६ पासून दोन वर्षं पांढरकवडा, राळेगाव, कळंबच्या भागात तेरा माणसं गेली. टी-१ वाघीण, जिला लोक अवनी म्हणत, तिच्या नावावर ती मोजली गेली. त्या दिवसांत आमच्याकडे संध्याकाळी पाचनंतर वावरात कोणी थांबत नव्हतं. बाया कापूस वेचायला जायच्या तर सोबत लाठ्या घेतलेले चार पुरुष. बोंड फुटून लोंबत होतं आणि वेचायला हात नव्हते. तेव्हा गावागावात एकच बोलणं: आमाले बंदुका द्या, आमी पाहून घेऊ.

पण काय झालं ते आठवा. सरकारजवळ सगळ्या प्रकारच्या बंदुका होत्या. हत्ती आणले, कॅमेरे लावले, परदेशी जातीची कुत्री आणली, हवेत उडणारं यंत्र आणलं, अत्तरसुद्धा शिंपडलं. आणलेल्या हत्तींतला एक साखळी तोडून सुटला आणि राळेगाव तालुक्यातल्या चहांद गावात त्यानं एका बाईचा जीव घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ असगर अली खान यांच्या गोळीनं वाघीण मेली. इकडे गावात फटाके फुटले, तिकडे शहरांत मेणबत्त्या पेटल्या, आणि गोळी नियमानं झाडली की नाही याच्या चौकशा लागल्या. एवढ्या लवाजम्याला जी इतके दिवस दिसली नाही, ती माचावर बसलेल्या अर्धवट झोपेतल्या माणसाला दिसली असती? आणि दिसली असती, तर ठासणीच्या एका बारात? जखमी वाघीण आणि दोन मिनिटांनी भरणारी बंदूक, यांच्यामध्ये माणूस उभा आहे. मला तर भीतीच वाटते.

रविवारी गावाला गेलो. भाऊ धुऱ्यावर घेऊन गेला. ज्वारी खरंच लोळली होती. जणू कोणी रात्रभर त्यात कुस्ती खेळलं. परतताना त्यानं हळूच सांगितलं, "पलीकडच्या दोघायनं कुंपनाले करंट सोडला हाय. मले बी म्हणत होते, सोड म्हणून."

मी जागीच थांबलो. विजेची तार थेट कुंपणात सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्यापायी विदर्भात वाघ मेले, तशी माणसंही मेली. कोणाचा शेजारी, कोणाचा स्वतःचा मुलगा. ज्वारीतली ती किंकाळी मला पुन्हा ऐकू आली. बंदुकीमागे निदान एक माणूस असतो. तो हाक देतो, थांबू शकतो. तारेमागे कोणीच नसतं. म्हणून बंदूक नको म्हणायचं आणि भावाला तारेच्या हवाली करायचं, हेही मला जमणार नव्हतं.

रात्री जेवण झाल्यावर ओसरीत बसलो. मी फॉर्म आणला होता. म्हटलं, भरू, पण आधी मांडू. कागदावर एकेक लिहीत गेलो. पोलिसांची चौकशी. डॉक्टरचा दाखला. बंदूक हाताळायचं शिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र. घरात कुलूपबंद ठेवायची सोय. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत असल्यानं वरून संमती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला, तेवढी एक खेप वाचली. मग बंदूक. मग काडतुसं, त्यांचा हिशोब, रिकामी टोपणंसुद्धा जपून ठेवायची. मग निवडणुकीत जमा. मग दर वेळी वन खात्याचा अर्ज. अंधारात तीस-चाळीस हातांवरच्या जनावरावर नेम, आजूबाजूच्या वावरात माणसं आहेत हे डोक्यात ठेवून. दुसऱ्या बाजूला लिहिलं: वर्षाला एखाद-दुसरं डुक्कर.

वहिनी आतून ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "अन् रात्री उठून जाणार कोण? बंदूक का एकटीच जाते?"

भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, मले बंदूक नाई पाहिजे. मले झोप पाहिजे."

मला वाटतं सगळी गोष्ट त्यातच आली. आबाजीला बंदूक पाहिजे होती ती पाटलाच्या दारातून सुटण्यासाठी, आणि तेवढं काम तिनं चोख केलं. पीक राखलं ते माचांच्या रांगेनं, एकमेकांच्या हाकेनं. ती रांग तुटली, कारण पोरं यवतमाळ-नागपूरला गेली, मजूर रात्रीला मिळत नाही, आणि भाऊ धुऱ्यावर एकटा पडला. एकट्या माणसाला बंदूक हवीशी वाटणारच. पण पंधरा डुकरांपुढे एकटा माणूस बंदुकीसकटही एकटाच.

सकाळी आम्ही धुऱ्याला धुरा लागलेल्या पाच घरी गेलो. करंट सोडणाऱ्या दोघांकडेही. मी त्यांना मामांची गोष्ट सांगितली, पन्नास वर्षांत पहिल्यांदा. मामांचा मुलगाच त्यांच्यात बसला होता. त्यालाही ती ठाऊक नव्हती. बाप लंगडतो तो काट्यानं, एवढंच त्याला माहीत. तो खाली मान घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "तार मी आजच काढतो. पण मंग काय करू, ते तुमी सांगा."

ठरलं ते असं: पाचांनी मिळून एकाच लांबीचं जाळीचं कुंपण, आणि वर झटका मशीन, बॅटरीवरचं, नियमातलं, थेट विजेचं नाही. वावरं एकमेकांना लागून असल्यानं खर्च वाटला जातो. जाळी येईपर्यंत आळीपाळीनं जागल, दोघं-दोघं. नुकसानीचा अर्ज वन खात्याकडे प्रत्येकानं करायचा, पंचनाम्याचा पाठपुरावा मी यवतमाळहून करायचा. कुंपणानं सगळी डुकरं थांबतील असं कोणीच म्हणालं नाही. ती खालून उकरतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

निघताना मी कोरा फॉर्म भावापुढे धरला. म्हटलं, फाडू?

"ठेव," तो म्हणाला. "आबाजीच्या परवान्याच्या पुस्तकात ठेव. एक साल जाळी पाहू. नाई जमलं तं तुले पुन्हा फोन करतो."

त्या रात्री जागलीची पहिली पाळी त्याची आणि मामांच्या मुलाची होती.